पेडलपर्यंत पाय, काचेपर्यंत डोळे

वाचक लिहितात:

"ताई, माझी उंची ४ फूट ९ इंच. चार वर्षं लहान मालवाहू गाडी चालवते आहे. आता मोठा ट्रक आणि ट्रेलर शिकायला घेतलाय. शिकवणीच्या गाडीत खाली एक आणि पाठीशी दोन उशा घेऊन बसते, तरी क्लच पूर्ण दाबायचा तर सीटच्या कडेवर सरकावं लागतं. सीट वर घेतली की पाय लटकतात, खाली घेतली की स्टिअरिंगच्या आतून रस्ता बघावा लागतो. शिकवणारे सर म्हणतात, 'मोठी गाडी तुझ्यासाठी नाही, उगाच हट्ट करू नकोस.' एका ठिकाणी कामासाठी गेले तर 'उंची कमी पडते' एवढं म्हणून परत पाठवलं. मला हे काम मनापासून करायचंय. खरंच जमणार नाही का? क्लचच्या पेडलला लाकडी ठोकळा बांधला तर चालेल? आणि मला 'तू'च म्हणा. – पायरीपाशी थांबलेली"

ठोकळा बांधू नकोस. बाकीचं सगळं सविस्तर लिहिते, पण हे आधी.

मी बांधला होता. माझी उंची तुझ्याहून जेमतेम दीड इंच जास्त, आणि सुरुवातीला मलाही हाच उपाय सुचला होता. क्लचवर लाकडाचा ठोकळा आणि त्याला आवळलेली रबरी पट्टी. दोन आठवडे छान चाललं. मग एका दुपारी उतारावरून आवारात शिरताना, माणसाच्या चालीनं गाडी पुढे जात असताना, मी क्लच सोडला आणि ठोकळा पट्टीतून निसटला. उतारामुळे तो पुढे गेला आणि ब्रेकच्या पेडलखाली अडकला. ब्रेकवर पाय दिला तर पेडल अर्ध्यात थांबलं, खाली दगड असावा तसं. पार्किंग ब्रेकची मूठ हाताशी होती, ती ओढली, चाकं आवळली आणि गाडी धक्क्यानं थांबली. समोरची भिंत हातभर अंतरावर होती. वेग जास्त असता, मागे भरलेला ट्रेलर असता, किंवा मध्ये कुणी उभं असतं, तर ही गोष्ट तुला सांगायला मी धजावले नसते.

म्हणून पेडलपाशी सुटं काहीही नको. ठोकळा नको, पाण्याची बाटली नको, सरकणारी चटईसुद्धा नको.

आता तुझा मूळ प्रश्न. जमेल का? बहुतेक जमेल, पण ते तुझ्या उंचीवरून मी सांगू शकत नाही आणि तुझे सरही सांगू शकत नाहीत. केबिनला तुझी उंची कळतच नाही. तिला तीन वेगळी मापं कळतात. बसल्यावर सीटपासून तुझे डोळे किती वर येतात, कमरेपासून टाचेपर्यंत पाय किती लांब आहे, आणि पाठ टेकलेली असताना हात कुठवर पोचतो. ४ फूट ९ इंच उंचीच्या दोन बायका शेजारी बसल्या तर ही तिन्ही मापं वेगवेगळी निघू शकतात. एकीचं धड लांब असेल तर तिला रस्ता उत्तम दिसेल आणि फक्त पाय आखूड पडतील. दुसरीचे पाय पुरतील, पण नजर डॅशबोर्डच्या कडेला अडेल. दोघींचे उपाय अगदी निराळे आहेत, आणि दोघींना एकच उशी देणं हा कुणाचाच उपाय नाही.

ज्यांची उंची अकॉन्ड्रोप्लेशियामुळे कमी आहे, अशा वाचकांसाठी इथेच सांगते. या स्थितीत हातपाय आखूड असतात, पण धड बरंचसं सर्वसाधारण लांबीचं असतं. त्यामुळे बसल्यावर नजरेची अडचण अनेकदा फारशी येत नाही, अडचण येते ती पेडल आणि स्विचपर्यंत पोचण्याची. मात्र यात पाठीच्या कण्यातली नलिका अरुंद असते, आणि ट्रकच्या सीटमधून दिवसभर हादरे बसतात. पायात मुंग्या, बधिरपणा, थोडं चाललं की पोटऱ्या भरून येणं, यातलं काही होत असेल तर या कामात शिरण्याआधी मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा आणि काम काय आहे ते त्यांना स्पष्ट सांगा.

तू लिहिलंस की सीट वर घेतली तर पाय लटकतात, खाली घेतली तर दिसत नाही. सगळी अडचण तू त्या एका वाक्यात बरोबर मांडली आहेस. सीट वर-खाली करून हा तिढा सुटत नाही, कारण डोळे आणि पाय एकाच सीटला बांधलेले आहेत. म्हणून सीट डोळ्यांसाठी लावायची, आणि मग पायांसाठी पेडल किंवा जमीन वर आणायची. क्रम हाच ठेव. उलट केलंस तर रोज थोडी थोडी आंधळी गाडी चालवशील.

सीट लावायची कशी? मोठ्या ट्रकमध्ये बहुधा हवेवरची सीट असते. गाडीच्या हवेच्या टाक्या भरेपर्यंत ती खाली बसलेली असते, म्हणून इंजिन चालू करून दाब पूर्ण होऊ दे आणि मगच सीटला हात लाव. नवीन मुलं थंड गाडीत सीट लावतात आणि दहा मिनिटांनी सगळं बिघडलं म्हणून वैतागतात. दुसरी गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. ही सीट खड्ड्यात वर-खाली झुलावी अशी बनवलेली असते. तू तिला अगदी वरच्या टोकाला नेऊन ठेवलीस तर वर झुलायला जागाच राहत नाही आणि प्रत्येक खड्ड्याला ती वरच्या अडणीवर आदळते. अगदी खाली ठेवलीस तर तळाला आदळते. दोन्हींत तो दणका थेट कंबरेत जातो. आपल्यासारख्या कमी उंचीच्या माणसांना याच दोन टोकांवर बसण्याची सवय लागते, आणि काही वर्षांनी पाठ दुखायला लागली की आपण वयाला दोष देतो. सीट मधल्या पट्ट्यात झुलत राहून तुझे डोळे हव्या त्या उंचीवर यायला हवेत. तसं होत नसेल तर सीटच्या खाली, तिच्या बैठकीच्या सांगाड्याला बोल्टनं घट्ट बसणारा उंचीचा तुकडा बसवून घ्यावा लागतो, किंवा वेगळ्या मापाची सीट. ते काम सीट बसवणाऱ्या जाणकार कारागिरानंच करायचं, कारण अपघातात तुझं सगळं वजन त्या बोल्टांवर येतं.

सीट पुढे सरकव. टाच जमिनीवर टेकलेली, पाठ पूर्ण टेकलेली, आणि क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. गुडघा ताठ झाला तर सीट अजून मागे आहे. पण पुढे सरकण्यालाही मर्यादा आहे. छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटीमीटर अंतर ठेव, विशेषतः स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर. अनेक ट्रकमध्ये स्टिअरिंगचा दांडा पुढे-मागे आणि वर-खाली होतो. तो तुझ्यापासून दूर ढकल आणि वरची कड नजरेखाली येईल इतका खाली घे. या दांड्याची पकड सुटते ते बटण किंवा पेडल बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं पाहिलेलंही नसतं. शिकवणीच्या गाडीत आधी तेच शोध.

गुडघ्याच्या मागे हात घालून बघ. सीटची कड आणि पोटरी यांत दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत. शिरत नसतील तर सीटची खोली तुझ्या मांडीला जास्त आहे, आणि तू पाठ सोडून पुढे येतेस त्यामागे हेही कारण असणार. काही सीटची बैठक आत-बाहेर सरकते, ती आत घे. सरकत नसेल तर पाठीमागे घट्ट, सीटला पट्ट्यांनी बांधलेला, सहजासहजी न दबणारा आधार चालतो. तुझ्या उशा मात्र चालत नाहीत. मऊ उशी धडकेत एका क्षणात चपटी होते, तेवढा सीटबेल्टचा पट्टा सैल पडतो आणि शरीर तेवढं पुढे फेकलं जातं. खालच्या उशीमुळे तर कंबर पट्ट्याच्या खालून घसरू शकते. मग जो पट्टा ओटीपोटाच्या हाडावर असायला हवा, तो पोटावर येतो.

पट्ट्याचाच विषय निघाला आहे तर बोलून टाकते. खांद्याचा पट्टा मानेला घासतो म्हणून तो काखेखालून घेणारी किंवा पाठीमागे टाकणारी आपल्या उंचीची माणसं मी खूप पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नकोस. दाराशेजारच्या खांबावर पट्ट्याचा वरचा टेकू असतो, तो बऱ्याचदा खाली-वर होतो. खाली घे, म्हणजे पट्टा खांद्याच्या मधोमध येईल. आणि निवड करायची वेळ आली तर पट्टा सीटलाच जोडलेला असेल अशी सीट माग. सीट झुलते तेव्हा पट्टाही तिच्यासोबत झुलतो आणि मानेशी भांडत नाही.

एवढं सगळं केल्यावर पाय किती कमी पडतात ते मोज. अंदाज नको, पट्टीनं मोज. बुटाचा तळ आणि पूर्ण दाबलेलं पेडल यांतलं अंतर सेंटीमीटरमध्ये लिहून ठेव. हाच तो आकडा, जो घेऊन तू वाहनांत बदल करून देणाऱ्या कारागिराकडे जायचं. पेडलच्या दांड्याला बोल्टनं किंवा शिकंज्यानं घट्ट बसणारे धातूचे वाढीव पेडल मिळतात. पण नुसतं पेडल वाढवून भागत नाही, कारण मग टाच हवेत राहते. टाच हवेत असली की ब्रेक किती दाबला याचा अंदाज येत नाही आणि तासाभरात पोटरी दुखू लागते. पेडल जेवढं वाढेल तेवढीच पायाखालची जमीनही उचलायला हवी, म्हणजे खाली पक्की बसवलेली एक उंच फळी हवी. शिवाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्या उंचीतला मूळचा फरक तसाच राहिला पाहिजे. एकच वाढवलं तर पाय एकावरून दुसऱ्यावर नेताना बूट अडकतो. हे सगळं तुझ्याकडच्या नियमांत बसतं का, परवान्यावर त्याची नोंद लागते का आणि विम्याला कळवावं लागतं का, हे आधी लेखी विचारून घे. गाडी दुसरं कुणी चालवणार असेल तर बदल काढता येण्याजोगा हवा आणि त्या माणसाला सांगितलेला हवा.

एक सोपा मार्गही आहे. ऑटोमेटेड गिअरबॉक्सच्या बहुतेक ट्रकमध्ये क्लचचं पेडलच नसतं. पायाची सगळ्यात लांब हालचाल क्लचचीच असते, ती गेली की कितीतरी जणांची अडचण तिथेच संपते. काही देशांत अशा गाडीवर परीक्षा दिली तर परवाना तशाच गाड्यांपुरता मिळतो, तेवढं बघून ठरव. याला पळवाट समजू नकोस.

आता दिसण्याबद्दल. इथे मी रेंगाळणार आहे, कारण पाय पोचले नाहीत तर त्रास तुला होतो, पण नजर पोचली नाही तर रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाचा तरी जीव जातो.

समजा बोनेटचा ट्रक आहे. तुझे डोळे जमिनीपासून २.३ मीटरवर आहेत, आणि बोनेटची पुढची कड १.८ मीटर उंच, डोळ्यांपासून २ मीटर पुढे. नजरेची रेघ त्या कडेवरून खाली उतरवली तर ती बोनेटच्या पुढे ७.२ मीटरवर जमिनीला लागते. तेवढी जमीन तुला दिसत नाही. १ मीटर उंचीचं मूल बोनेटपासून ३.२ मीटरच्या आत उभं असेल तर त्याचं डोकंसुद्धा दिसणार नाही. आता डोळे फक्त १० सेंटीमीटर वर घे. न दिसणारी जमीन ६ मीटरवर येते, आणि तेच मूल साधारण २.७ मीटरपर्यंत दिसत राहतं. सीट डोळ्यांसाठी लाव असं मी का सांगत होते, ते या आकड्यांत आहे. आणि हेही बघ की उंच माणसालासुद्धा समोरचं सगळं दिसत नाही. न दिसणारा पट्टा कमी-जास्त होतो, संपत नाही. सपाट तोंडाच्या केबिनमध्ये पुढे बोनेट नसतं म्हणून हा पट्टा पुष्कळ लहान होतो. निवडायला मिळालं तर तू तीच गाडी निवड.

हे कागदावर ठेवू नकोस. मी शिकायला आलेल्या प्रत्येकाकडून एक गोष्ट करून घेते. मोकळ्या मैदानात गाडी बंद करून उभी करायची, हँडब्रेक ओढलेला. आपण आपल्या नेहमीच्या बैठकीत, पट्टा लावून बसायचं. सोबतीनं कमरेएवढा शंकू घेऊन गाडीच्या नाकापासून हळूहळू पुढे चालायचं. शंकूचं टोक दिसलं की 'थांब' म्हणायचं, तिथे खडूची खूण करायची. मग डावीकडून, उजवीकडून, दाराला लागून, मागच्या चाकापाशी. खुणा जोडल्या की जमिनीवर गाडीभोवती एक वेडावाकडा आकार उमटतो. आता खाली उतरून त्या आकारात उभी राहा. वर रिकामी केबिन दिसते आणि कळतं, इथे उभ्या माणसाला गाडी केवढी दिसते आणि गाडीला तो मुळीच दिसत नाही. मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा बराच वेळ हलले नव्हते. सोबतीचं, म्हणजे चालकाशेजारी बसणाऱ्याचं, दार ज्या बाजूला असतं, तिथला न दिसणारा पट्टा माझ्या कल्पनेपेक्षा दुप्पट निघाला होता.

हे झालं की आरसे लावायचे. वाहनांच्या आरशांबद्दल संयुक्त राष्ट्रांचा ४६ क्रमांकाचा नियम आहे, त्यात आरशांचे सात वर्ग केले आहेत. पाचवा वर्ग सोबतीच्या दाराखालची जमीन दाखवणारा, सहावा गाडीच्या नाकासमोरची. तुझ्यासाठी हे दोन फार मोलाचे आहेत. आधी चालवणाऱ्या उंच माणसानं लावून ठेवलेल्या आरशांत तुला आभाळ दिसेल, म्हणून गाडी हातात घेताना प्रत्येक वेळी ते पुन्हा लाव, आणि खडूच्या आकारातली कोणती जागा कोणत्या आरशात दिसते ते सोबत्याला उभं करून तपास. उरलेल्या जागेसाठी उतरून बघणं हाच उपाय. मागे घेताना शंका आली की उतर. दहा वेळा आली तर दहा वेळा उतर. त्यात कमीपणा मानणारी माणसं शेवटी कशाला तरी धडकतात.

उतरण्यावरून आठवलं. पहिली पायरी आपल्याला मांडीशी येते, म्हणून आपण उडी मारायला शिकतो. मारू नकोस. तोंड गाडीकडे, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन टेकू कायम. हातातलं सामान आधी वर ठेव, मग चढ. खाली एक जादा पायरी आणि धरायचा दांडा लांबवून मिळतो का बघ. दाराच्या आतल्या मुठीला पट्टा बांधून घे, कारण पूर्ण उघडलेलं दार बसल्या जागेवरून आपल्या हाताला लागत नाही आणि ते ओढायला वाकलेलं माणूस बाहेर पडतं.

ट्रेलर जोडण्या-सोडण्याची चिंता तू केली नाहीस, पण ती येईल. फिफ्थ व्हीलचा, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या तबकडीचा, खटका ट्रेलरच्या खाली आत असतो, तो ओढायला लांब आकडा मिळतो. दोन पाय फाकवून, पाठ सरळ ठेवून, वजनानं ओढायचा, झटक्यानं नाही. ट्रेलरचे पाय वर-खाली करणाऱ्या हँडलला बहुधा दोन वेग असतात, जड असेल तेव्हा हळू वेगावर घे. माल आवळायला लिव्हरऐवजी रॅचेटचं साधन वापर. काच पुसायला लांब दांड्याचं पुसणं. ताकद या कामात लोक समजतात तेवढी लागत नाही, स्टिअरिंगसुद्धा पॉवरचं असतं.

राहिले तुझे सर आणि तो परत पाठवणारा माणूस. सरांशी वाद घालू नकोस. वर लिहिल्याप्रमाणे बैठक लावून, उशांशिवाय, पाठ टेकून क्लच तळापर्यंत दाबून दाखव. शिकवणीच्या गाडीत जमत नसेल तर ती गाडी तुझ्या मापाची नाही एवढंच त्यातून सिद्ध होतं, दुसरी मागून घे. कामाच्या ठिकाणी 'उंची कमी पडते' म्हणाले तर नम्रपणे विचार, कोणत्या कामासाठी? खटका ओढायला, दार लावायला, की आरशात बघायला? नेमकं काम सांगितलं तर ते करून दाखवायची संधी माग. उंचीची अट खरोखर असेल तर ती लेखी माग, आणि परवान्याच्या नियमांशी ताडून बघ. मात्र प्रामाणिकपणे एक सांगते. बदल करूनही क्लच किंवा ब्रेक तळापर्यंत जात नसेल, किंवा पट्टा नीट बसत नसेल, तर त्या गाडीला 'नाही' तूच म्हणायचं आहेस, दुसऱ्या कुणी म्हणण्याआधी.

मला पुढचं लिहिण्यासाठी चार गोष्टी कळव. गाडी बोनेटची की सपाट तोंडाची, पट्टा खांबाला आहे की सीटला, स्टिअरिंगचा दांडा हलतो का, आणि उशा काढून बसल्यावर पेडल किती सेंटीमीटर दूर राहतं. मोजताना जे बूट घालून गाडी चालवणार आहेस तेच पायात असू देत.